चौदावा प्रश्न

तुकूम, चंद्रपूर
१२ जानेवारी २०२५

पुनमताई, जय भीम.

तू मला ब्लॉक केलंस हे कळायला मला पंधरा दिवस लागले. आधी वाटलं, मोहर्लीत टॉवर नसेल. मग तुझ्या होमस्टेच्या मालकीणबाईंना लावला तर पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाल्या, "पुनम भाजी चिरून राह्यली. तिनं सांगून ठेवलं आहे, का भाऊ म्हनून कोनाचा फोन आला तं देऊ नका." म्हणजे टॉवर ठणठणीत आहे. म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर वाचून फाड.

नोव्हेंबरात तुझा फॉर्म भरून घेतला तेव्हा मी तुला नीट काही सांगितलंच नव्हतं, आता सांगतो. बाहेरच्या देशात बावीस प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. खरेदीचा नाद माणसाच्या हाताबाहेर गेला आहे का, हे ती मोजते. ती मराठीत आणणं हे माझं पीएच.डी.चं काम. नुसतं भाषांतर करून भागत नाही. माझं मराठी दुसऱ्या कोणाकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्यायचं, मुळाशी ताडून पाहायचं, मग दोनशे लोकांकडून भरून घ्यायचं आणि इथल्या माणसांतही ती तेच मोजते हे सिद्ध करायचं. ते होईपर्यंत तिचा आकडा कोणालाही लावायचा नसतो. हे मी तुला का सांगतोय, माहीत नाही.

तुझा आकडा सहासष्ट आला होता. जिथून पुढे आजार धरतात ती रेषाही सहासष्टवरच आहे. त्याच्यावर मी काहीच बोललो नव्हतो. तो कागद भाऊजींच्या हाती कसा लागला, मला खरंच कल्पना नाही. माझ्या बॅगेत शंभर कागद असतात. तू मात्र सगळा राग माझ्यावर काढलास. माजरीचं घर सोडलंस तेव्हा मला एक फोन करावासाही वाटला नाही तुला? नंदिनीला भाऊजींनी पाठवलं नाही, 'आजारी बाईजवळ पोर देत नाई' म्हणाले, त्यातही माझा हात नाही.

एक विनंती. कोणाचंही उत्तर पक्कं आहे की नाही हे पाहायला तोच फॉर्म दोन आठवड्यांनी परत भरून घ्यायचा असतो. तुझे दोन महिने झाले. तरी कोरा फॉर्म सोबत जोडला आहे. यावेळी आकडा खाली आला तर मी स्वतः भाऊजींना नेऊन दाखवीन आणि नंदिनी तुझ्याकडे येईल. तुझंही काम होईल, माझंही.

अश्विन

◆

जिवती
३ फेब्रुवारी २०२५

ताई, जय भीम.

कोरा फॉर्म कोराच परत आला. दुसऱ्या कोणी पाठवला असता तर 'प्रतिसाद नाही' असं नोंदवून मोकळा झालो असतो. तुझ्याबाबतीत तसं करवत नाही. दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला. कोपऱ्यात हळदीचा डाग होता, बाकी काही नाही. निदान हातात तरी घेतला होतास.

चार दिवसांपासून इथं डोंगरावर आहे. बाया कापूस वेचून चारला परत येतात, तेव्हा माझं काम सुरू होतं. प्रश्न वाचून दाखवायचा, उत्तर घ्यायचं आणि मग विचारायचं, हे सांगताना मनात काय आलं? लोकांना प्रश्न समजला की नाही, ते असं तपासतात. काल बायनाबाई म्हणून एक होत्या, पन्नाशीच्या. चौदावा प्रश्न वाचला: घेतलेली वस्तू मी घरच्यांपासून लपवून ठेवते.

"हो तं," त्या म्हणाल्या.

"कधीकधी, का नेहमी?"

"जेव्हा आनते तेव्हा."

"काऊन लपवता, बाई?"

"नाई तं काय चावडीवर मांडू?"

आणि उठून मला आत घेऊन गेल्या. ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि स्टीलचा गंज, म्हणजे उभं पातेलं, बाहेर काढला. मग दुसरा. मग पितळी पराती, एकात एक. लेक चौदा वर्षांची आहे. ती झाली तेव्हापासून आठवडी बाजारातून वर्षाला एक भांडं, तिच्या आंदणाचं. "मानसाच्या नजरेस पडलं का कोनाच्या ना कोनाच्या लग्नात आहेर म्हनून जाते," म्हणाल्या. नवऱ्यांना हे माहीत नाही असं नाही. पण धान्य काढायला ते कोठीजवळ जात नाहीत, तशी रीतच आहे. एकतीस बायांना हा प्रश्न विचारला, त्यातल्या एकोणतीस जणी म्हणाल्या, नेहमी. माझ्या कागदाप्रमाणे अख्खं गाव आजारी आहे.

रात्रभर नाही, पण बराच वेळ तुझ्या दिवाणाचा विचार करत बसलो. त्यातले सात टिफिनचे डबे, खोक्यातून न काढलेले. एका पोरीला सात डबे कशाला? आंदणात टिफिन देतात का? बायनाबाईंनाच विचारलं, एक बाई आहे, तिनं असं असं दिवाणात ठेवलं आहे. त्या हसल्या. "दिवानात? ते लपवनं नोहे. ते तं ठेवनं झालं." आता मी काय समजू? तू आईपणानं साठवत होतीस, की तुझा हात थांबत नव्हता? का दोन्ही? मला वाटायचं मला सगळं कळतं.

एक दुरुस्ती. तो कागद भाऊजींना बॅगेत सापडला नव्हता. त्यांच्या गाडीच्या डिकीत राहिला होता. माझ्याच हातून. विसरलो असेन.

अश्विन

◆

चंद्रपूर
२३ फेब्रुवारी २०२५

ताई,

जिवतीचं सगळं सरिता मॅडमना सांगितलं. त्या माझ्या गाईड. पंचवीस वर्षं मानसशास्त्र शिकवतात आणि कशालाच आश्चर्य मानत नाहीत. म्हणाल्या, "मग तो प्रश्न आपल्याकडे आजार मोजत नाही, रीत मोजतो. आकडेही तेच म्हणत असतील तर काढून टाक." एकवीस प्रश्नांवर सगळ्यांची बेरीज पुन्हा केली. रेषा त्रेसष्टवर आली आणि तू एकसष्टवर. रेषेच्या खाली! मी ऑफिसातच टाळी वाजवली. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

तसाच गाडी काढून माजरीला गेलो. भाऊजी खाणीतल्या पहिल्या पाळीहून नुकतेच आले होते, अंघोळ व्हायची होती. मी दारातूनच म्हणालो, भाऊजी, ताई आजारी नाही.

त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "नोव्हेंबरात आहे म्हने. फेब्रुवारीत नाई म्हने. एक प्रश्न काढला का मानूस बरा होते काय?"

 ते काही वाईट माणूस नाहीत, ताई. तुला राग येईल, पण लिहितो. घरात पार्सलावर पार्सल येत होतं, तू विचारू देत नव्हतीस, ते घाबरले होते. आता त्या कागदाला धरून बसले आहेत. खरंच धरून: त्यांनी तो लॅमिनेट करून घेतला आहे. टीव्हीच्या मागे ठेवतात.

नंदिनी मागच्या ओसरीवर अभ्यास करत होती. मला म्हणाली, "मामा, माही आई बिमार आहे का? पप्पा म्हनते का तू तपासलं." मी म्हणालो, तसं नसतं बेटा. ती म्हणाली, "मंग कसं असते?" मी सांगायला लागलो, प्रश्न असतात, त्यात एक असा असतो की आणलेली वस्तू लपवतेस का. ती हळूच म्हणाली, "मी पन लपवते. आईनं देल्ला तो कंपास पप्पाले दाखवला नाई. मंग मले पन पाठवून देतीन का?" चौथीतल्या पोरीला काय सांगायचं, ते माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही.

कागद डिकीत राहिला नव्हता. मी तो भाऊजींच्या हातात दिला. त्यांनी मागितला होता. "तू शिकला-सवरला आहेस, हिले काय झालं ते तूच सांग," असं म्हणाले. आपल्या घरात मला आजवर सगळे 'अजून शिकूनच राह्यला' एवढंच म्हणत आलेत. पहिल्यांदा कोणी माझ्या शिक्षणाला काही विचारलं. फॉर्मवर नाव लिहायचं नसतं, फक्त नंबर असतो. मी तुझं नाव लिहिलं, ठळक, आणि खाली सही केली. मला मोठं वाटलं तेव्हा. लाज वाटते हे लिहिताना.

अश्विन

◆

चंद्रपूर
१३ मार्च २०२५

ताई, जय भीम.

रविवारी माजरीच्या विहारात बैठक आहे. भाऊजींचे मुखरूकाका आणि समाजातली चार मोठी माणसं. नंदिनी कोणाजवळ राहील ते ठरणार. तुला निरोप आला असेल. तू येणार नाहीस असं मालकीणबाई म्हणाल्या: 'माहा कागद जिथी वाचतीन तिथी मी बसत नाई.' बरोबर आहे तुझं.

त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे. तीन पत्रांत सांगितली नाही.

त्या दिवशी मी तुझ्या स्वयंपाकघरात बसलो होतो. तू पोळ्या लाटत होतीस, म्हणून मी प्रश्न वाचत होतो आणि तुझी उत्तरं मीच भरत होतो. चौदाव्याला तू म्हणालीस, "कधीकधी." मी दिवाण पाहिला होता. मला वाटलं, ही खोटं बोलते आहे. मी 'नेहमी'वर टिक केली. तू पाठमोरी होतीस.

'कधीकधी'ला तीन असतात, 'नेहमी'ला पाच. तुझा आकडा चौसष्ट होता, ताई. रेषेच्या खाली. ती दोन अंकांची उडी माझी आहे.

आता गंमत बघ. गंमत म्हणू नये, पण दुसरा शब्द सुचत नाही. चौदावा प्रश्न काढून टाकला की तू तीन म्हटलं होतंस काय आणि मी पाच लिहिलं काय, दोन्हींची बेरीज एकसष्टच येते. माझी लबाडी साफ पुसली जाते. मॅडमना कळणार नाही, विद्यापीठाला कळणार नाही. तुलाही कळलं नसतं. मॅडम प्रश्न काढ म्हणाल्या तेव्हा मी टाळी वाजवली, ती तुझ्यासाठी वाजवली की माझ्यासाठी, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारतो आहे. सांगता येत नाही.

पण तो लॅमिनेट केलेला कागद बैठकीत येणार आणि त्यावर ती टिक असणार. म्हणून काल मॅडमना सांगून टाकलं. त्यांनी माझ्या फॉर्मांचा गठ्ठा पुढ्यात ओढला. मग म्हणाल्या, "एका फॉर्मवर तू असं केलंस, तर बाकीचे दोनशे अकरा मी कोणत्या तोंडानं खरे मानू?" सगळे बाद. विद्यापीठाला कळवावं लागेल. नोंदणी राहते की जाते, ते समिती ठरवेल. मी भांडलो नाही.

रविवारी तिथंही सांगणार आहे. मला भीती वाटते. तुझी वाटते, भाऊजींची नाही.

अश्विन

◆

चंद्रपूर
१७ मार्च २०२५

ताई,

जसं झालं तसं लिहितो.

भाऊजींनी कागद मुखरूकाकांच्या पुढे ठेवला. काकांना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून तो मलाच वाचायला दिला. माझा कागद, माझी सही, आणि मीच वाचायचा. चौदाव्यापर्यंत आलो आणि थांबलो. म्हणालो, ही टिक माझी आहे, ताईची नाही. ताईनं 'कधीकधी' म्हटलं होतं. आणि ही सगळी प्रश्नावलीच अजून कच्ची आहे, तिच्यावरून कोणाला आजारी म्हणायचा मला हक्क नव्हता.

 मग भाऊजी उठले. "म्हंजे तू खोटं लिहिलं?"

"हो."

"तेव्हा खोटं लिहिलं, तं आता खरं बोलून राह्यला, हे कायवरून?"

 माझ्यावर विश्वास ठेवायला मीच जागा ठेवली नव्हती. म्हणालो, ठेवू नका विश्वास. माझ्या तेव्हाच्या बोलण्यावरही नको, आताच्याही नको.

मुखरूकाकांनी कागद उलटा करून ठेवला. म्हणाले, "पोरगी मायजवळ जाईन का बापाजवळ राहीन, हे बावीस प्रश्नांनी ठरत असते काय रे? अजय, तू सांग. पुनमनं पोरीले कधी उपाशी ठेवलं?"

"नाई."

"मारलं?"

"नाई, काका."

"मंग?"

भाऊजी म्हणाले, "ती माह्यासंगं बोलत नव्हती, काका. काहीबाही आने अन् बोलत नव्हती. मी काय करू?" आणि ते रडले. मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

ठरलं ते असं: परीक्षा संपेपर्यंत दर शनिवारी नंदिनी तुझ्याकडे येईल, रविवारी संध्याकाळी परत जाईल. सुट्टी लागली की पूर्ण तुझ्याजवळ. पुढचं तुम्ही दोघांनी समोरासमोर बसून ठरवायचं. कागद काकांनी स्वतःजवळ ठेवून घेतला.

या शनिवारी मीच तिला घेऊन येतो. सकाळच्या गाडीनं निघू. मी आत येणार नाही. गेटवर सोडून वळेन. तू आजारी होतीस की नव्हतीस, मला अजूनही कळलेलं नाही. पण आता मला वाटतं, ते मला कळायचंच नव्हतं.

अश्विन

◆

मोहर्ली
१९ मार्च २०२५

अश्विन,

पाचही पत्रं मिळाली. पयलं फाडलं, मंग चिकटवलं.

मले तुह्यासारखं लिहिता येत नाई, बोलते तसं लिहून राह्यली. चौदाव्या प्रश्नाले मी 'कधीकधी' म्हटलं, ते खोटं होतं. मी नेहमीच लपवत होती. दिवानातलं तं तुले दिसलं. माजरीत शेजारच्या ताईच्या घरी दोन पोते भरून आहे, ते कोनालेच माहीत नाई. ते नंदिनीचं आंदन नोहे. उगाच मले चांगलं समजू नको. पार्सल आलं का तेवढा घंटाभर बरं वाटे. मंग खोलून पाहावंसं पन वाटत नव्हतं. इथी आल्यावर थांबलं असं वाटलं होतं. मागच्या आठवड्यात दुकानातून चार कंगवे आनले. कोनासाठी, मले माहीत नाई.

म्हंजे तू लिहिलं ते बरोबर निघालं. म्हनून तुही चूक कमी होत नाई. उलट जास्त होते. मी त्या दिवशी सांगनारच होती रे. पोळ्या झाल्या असत्या, चहा ठेवला असता, अन् तू पुन्हा एकदा विचारलं असतं, 'ताई, खरंच कधीकधी?' तं मी सांगितलं असतं. वर्षभर मी कोनी विचारीन म्हनून वाट पाहून राह्यली होती. तू प्रश्न घेऊन आला अन् उत्तर पन घरूनच घेऊन आला.

बैठकीत तू सांगितलं, पोरगी भेटली. पन आता लोकं समजतीन का पुनमले काही झालंच नव्हतं. नंदिनीच्या पप्पाले मी खरं सांगनार आहे. ते पुन्हा पोरगी नेतीन का काय, भेव लागते. तरी सांगीन. ते रडले म्हने, मंग ऐकतीन बी.

शनिवारी पोरीले घेऊन ये अन् मुक्काम कर. सोमवारी मले चंद्रपूरले मोठ्या दवाखान्यात जायचं आहे, मनाच्या डॉक्टरबाईकडे. एकटीनं जायले हिंमत होत नाई. तू संगं चाल, चिठ्ठी काढून दे, बाहेर बस. आतमधी मी एकटी जाईन. तिनं काय विचारलं अन् मी काय सांगितलं, ते मले विचारू नको.

पुनम